लहान मुलांच्या पायातला जोर मोजताना

एमपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या मास्टर्सला, पेडियाट्रिक्स (लहान मुलांचा विभाग) घेतलं आणि डेझर्टेशनचा विषय ठरला तेव्हा घरच्यांपासून हॉस्टेलच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, धडधाकट पोरांच्या पायातली ताकद मोजून काय मिळणार गं, आजारी मुलांवर काम कर की. प्रश्न योग्य आहे म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. ओपीडीत सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाल अवघड झालेलं मूल येतं, आपण मांडीचे व्यायाम सुरू करतो, तीन महिन्यांनी परत मोजतो आणि आकडा वाढलेला दिसतो, आई खूश, आपण खूश. पण तो आकडा व्यायामाने वाढला, की मूल तेवढ्यात उंच झालं म्हणून वाढला, की त्या दिवशी त्याची झोप नीट झाली होती, की यावेळी मशीन नडगीवर दोन सेंटिमीटर वर टेकलं होतं, हे ठरवणार कसं? त्यासाठी अशी मुलं लागतात ज्यांच्या पायात आठवड्याभरात काही बदलायचं कारणच नाही. त्यांना दोनदा मोजायचं. दोन आकड्यांत जो फरक येईल तो जवळजवळ सगळा मोजण्याच्या पद्धतीचा, मुलाचा नाही. तो फरक किती हे माहीत असेल तरच आजारी मुलात सुधारणा झाली असं छातीठोक म्हणता येतं.

हाताने ताकद तपासायची पद्धत आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात, ० ते ५ ची ग्रेड. ० म्हणजे स्नायू हलतच नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हलतो, ५ म्हणजे नॉर्मल. ० ते ३ पर्यंत ही पद्धत छान चालते आणि गावातल्या केंद्रावर काहीही साधन नसताना ती एक वरदान आहे. अडचण ४ आणि ५ च्या मधे आहे, कारण तिथे तपासणाऱ्याच्या हाताला काय वाटलं यावर सगळं अवलंबून. १९५६ मध्ये बीझली या अमेरिकन संशोधकाने पोलिओ झालेल्या आणि निरोगी मुलांच्या गुडघ्याचा जोर यंत्राने मोजला होता, तर ज्या स्नायूंना हाताने ‘गुड’ म्हणजे आपली ४ ची ग्रेड मिळाली होती त्यांचा खरा जोर निरोगी मुलांच्या निम्म्याहून कमी निघाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद गेली तरी हाताला ती ‘चांगली’ वाटते. हे वाचलं तेव्हाच मी ठरवलं की आकड्यावरच काम करायचं.

आकड्यात मोजायची इच्छा काही नवीन नाही, १९१५ च्या सुमारास बोस्टनमध्ये लव्हेट आणि मार्टिन यांनी पोलिओच्या मुलांसाठी साधा ताणकाटा वापरून स्नायूंचा जोर नोंदवला होता. आज त्याच कामासाठी मुठीत मावणारा डायनॅमोमीटर मिळतो, एका बाजूला पॅड, आत सेन्सर, स्क्रीनवर न्यूटन किंवा किलोत आकडा. याहून भारी म्हणजे आयसोकायनेटिक मशीन, सांधा ठरलेल्या वेगाने फिरत असताना जोर मोजणारी, खुर्चीवाली, पण तिची किंमत लाखांच्या घरात आणि खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची, सात वर्षांचं मूल त्यात बसवलं की पाठ टेकत नाही आणि गुडघा मशीनच्या आसाशी जुळत नाही, वेगळी जोडणी असेल तरच जमतं. शाळेत नेता येण्यासारखं म्हणून आम्ही हातातला डायनॅमोमीटर घेतला.

मुलांवर संशोधन म्हटलं की एथिक्स कमिटी बारकाईने बघते आणि बघावंच. आयसीएमआरच्या (इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आईवडिलांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाची स्वतःची तोंडी संमती पालकांसमोर घ्यावी लागते आणि १२ च्या पुढे लेखी. मला हा भाग मनापासून आवडला. मुलाला त्याच्या भाषेत सांगायचं की तुझ्या पायाला हा छोटा डबा लावणार, तू त्याला जोरात ढकलायचं, दुखणार नाही, नको वाटलं तर कधीही नाही म्हण, कोणी रागावणार नाही. काही जणांनी सरळ नाही म्हटलं आणि परत वर्गात गेली, त्यांच्या बाईंनीही एका शब्दाने विचारलं नाही. पालक सभेत मात्र खूप वेळ गेला, सुई आहे का, करंट देणार का, याचा मार्कांशी काही संबंध आहे का, असे प्रश्न. डायनॅमोमीटर आयांच्या हातात दिला, त्यांनी तळहाताने दाबून बघितला, मग शंका फिटल्या.

शाळा मिरजेच्या बाजूची, तिसरी ते सहावीचे वर्ग. पायलट, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, आम्ही ह्याच शाळेत थोड्या मुलांवर केला आणि खरं शिक्षण तिथे झालं.

पहिली गोष्ट, मुलं ढकलत नाहीत, लाथ मारतात. ‘जोर लाव’ म्हटलं की पाय मागे घेऊन फाडकन डब्यावर मारणार. आणि हे यंत्र सगळ्यात वरचा आकडा पकडून ठेवतं, मग तो सेकंदाच्या दहाव्या भागाचा धक्का का असेना. लाथेचा आकडा स्नायूच्या ताकदीपेक्षा वेगाबद्दल जास्त सांगतो आणि दर वेळी वेगळा येतो. म्हणून सूचना बदलली. पाय आधी पॅडला टेकवून ठेवायचा, मग ‘हळूहळू जोर वाढव, वाढव, अजून, अजून, धरून ठेव, सोड’. पहिले एक-दोन सेकंद जोर चढायला आणि पुढचे तीन सेकंद पूर्ण जोर. हे शब्द आम्ही कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आणि प्रत्येक मुलाला तेच, त्याच क्रमाने, तेवढ्याच मोठ्या आवाजात. आवाजाचं वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल पण ओरडून प्रोत्साहन दिलं की मुलं जास्त जोर लावतात हे समोर दिसतं, त्यामुळे सोमवारी ओरडायचं आणि पुढच्या सोमवारी घसा बसलाय म्हणून हळू बोलायचं हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट, तपासणाऱ्याची स्वतःची ताकद. खो-खो खेळणारं दहा-अकरा वर्षांचं पोर गुडघा सरळ करताना वीस किलोच्या वर सहज जोर लावतं आणि तेवढा जोर एका हाताने न हलता अडवून धरणं माझ्यासारख्या बेताच्या बांध्याच्या बाईला शक्यच नाही, हात मागे जातो, आणि हात मागे गेला की तुम्ही मुलाची नाही, स्वतःची ताकद मोजताय. म्हणून गुडघ्यासाठी पट्टा. सीटबेल्टसारखा न ताणणारा पट्टा टेबलच्या मागच्या पायाला बांधायचा, पुढे मुलाच्या नडगीभोवती आणायचा, डायनॅमोमीटर पट्टा आणि नडगीच्या मधे. माझा हात फक्त यंत्र घसरू नये म्हणून. पट्टा तिरका जाता कामा नये, कारण जोराची दिशा पॅडला काटकोनात नसली की काही जोर दुसरीकडेच जातो. वीस अंशांचा तिरकेपणा म्हणजे साधारण सहा टक्के आकडा कमी. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या उंचीप्रमाणे खाली पाट सरकवून टेबल आणि पट्टा एका रेषेत आणावा लागायचा, यालाच सगळ्यात जास्त वेळ जायचा.

डायनॅमोमीटर सांगतो फक्त जोर, न्यूटनमध्ये. पण स्नायू जे करतो ते सांध्याभोवती फिरवणं, म्हणजे टॉर्क, आणि तो काढायला जोराला सांध्यापासून पॅडपर्यंतच्या अंतराने गुणावं लागतं. समजा मुलाचा गुडघा ३० न्यूटन-मीटर टॉर्क देतोय. पॅड गुडघ्यापासून २० सेंटिमीटरवर असेल तर स्क्रीनवर १५० न्यूटन दिसणार, १८ सेंटिमीटरवर असेल तर १६७. स्नायू तोच, ताकद तीच, आणि आकडा अकरा टक्क्यांनी जास्त! मोठ्या माणसाची नडगी लांब असल्यामुळे दोन सेंटिमीटरचा एवढा फरक पडत नाही, मुलांमध्ये पडतो. शिवाय या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाने मोजायचं तर तेच अंतर बदललेलं असतं. म्हणून घोट्याच्या हाडापासून ठरलेल्या अंतरावर स्केच पेनने खूण, गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपासून खुणेपर्यंत टेपने माप, माप वहीत, आणि शेवटी सगळं वजनाने भागून न्यूटन-मीटर प्रति किलो. नुसते न्यूटन लिहिलेले जुने केसपेपर बघितले की आता मला चुटपुट लागते, कारण पॅड कुठे होतं हे लिहिलेलं नसतं आणि त्या आकड्याचं पुढे काहीच करता येत नाही.

पोझिशन कशी ठरवली तेही सांगते. गुडघा सरळ करायचा जोर बसून, गुडघा काटकोनात, कारण त्या स्थितीत नडगी सरळ खाली लोंबते आणि तिचं वजन मधे येत नाही. खुब्यापासून पाय बाहेर नेणारे स्नायू पाठीवर झोपवून, कुशीवर नाही, कारण कुशीवर आख्ख्या पायाचं वजन उचलायला लागतं आणि जाड मुलावर अन्याय होतो. मांडीच्या मागचे स्नायू पालथं झोपवून घेतले पण तिथे मुलं ढुंगण वर उचलतात, म्हणून कमरेवरून एक पट्टा, आणि काहींना मागे गोळा यायचा, मग थांबून पाय चोळून द्यायचा आणि तो प्रयत्न मोजायचा नाही. बसून करताना हात छातीवर घडी, नाहीतर टेबलची कड धरून पोरं अख्खं अंग मागे टाकतात. मुलींच्या खुब्याच्या तपासण्यांना पडद्याआड, शाळेच्या एक बाई समोर बसलेल्या, गणवेशाखाली लेगिंग घालून यायला आधीच सांगितलेलं. यात कधीच तडजोड केली नाही.

आणि लक्ष. निरोगी मुलांत सगळ्यात मोठी अडचण स्नायूची नाही, लक्षाची आहे. बाहेर लंगडीचा डाव रंगला की आतल्या मुलाचा जोर कमी येतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. खिचडीनंतर लगेच घेतलं तर सुस्त. पीटीच्या तासानंतर घेतलं तर दमलेलं. म्हणून ज्या मुलाला पहिल्यांदा सकाळी प्रार्थनेनंतर मोजलं त्याला दुसऱ्यांदाही त्याच वेळेला, एका आठवड्याने, आणि त्या दिवशी पीटी आधी झालेली नाही हे बघून. मधे घटक चाचणी येऊ नये, गावची जत्रा येऊ नये, पाऊस जास्त होऊन शाळा सुटू नये, एवढं सगळं जमवायचं म्हणजे मुख्याध्यापकांच्या मदतीशिवाय अशक्य, आणि त्यांनी ती दिली.

मुलांना आकडा हवाच असतो. “ओ मॅडम, माझं किती आलं? त्याच्यापेक्षा जास्त आलं का?” हा प्रश्न प्रत्येकाचा. आकडा सांगितला की पुढच्याला टार्गेट मिळतं आणि दुसऱ्या आठवड्यात तो वेगळ्याच ईर्ष्येने येतो, मग दोन दिवसांची तुलना राहत नाही. म्हणून आकडा मुलाला नाही आणि मलाही नाही, स्क्रीन माझ्यापासून दुसरीकडे वळवलेली, माझी ज्युनियर वाचून लिहायची, कारण मागचा आकडा मला माहीत असता तर माझा हात नकळत तिकडे झुकला असता. कुठला स्नायू आधी हे चिठ्ठी काढून, चिठ्ठी मुलाने काढायची, ते काम त्यांना फार आवडायचं. सगळं झाल्यावर प्रत्येकाला एक स्टिकर, जोर कितीही येवो.

प्रत्येक स्नायूला आधी एक सरावाचा प्रयत्न, हलक्या जोराने, मग तीन खरे, मधे मिनिटभर विश्रांती. तिन्हींतला सर्वात मोठा घ्यायचा की सरासरी यावर गाईडशी भरपूर चर्चा झाली. माझं मत सरासरीच्या बाजूचं, कारण मोठा आकडा कधीकधी चुकून बसलेल्या लाथेचा असतो आणि सरासरी जास्त स्थिर राहते. आणि रोज सकाळी शाळेत पोचल्यावर यंत्राची तपासणी, ५ आणि १० किलोची वजनं पॅडवर ठेवायची, ४९ आणि ९८ न्यूटन आलेच पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणीही टाळू नये.

आता आकडेमोडीचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि थिसिसमध्ये सगळ्यात घाईत उरकला जातो. विश्वासार्हतेसाठी, म्हणजे दोनदा मोजलेले आकडे किती जुळतात हे बघायला, सगळे आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) काढतात, तो १ च्या जितका जवळ तितका चांगला. १९७९ मध्ये श्राउट आणि फ्लाइस यांनी त्याचे सहा प्रकार मांडले, कुठला घेतला हे लिहावं लागतं, आणि हल्ली २०१६ च्या कू आणि ली यांच्या लेखाप्रमाणे ०.७५ ते ०.९ चांगला, ०.९ च्या वर उत्तम असं म्हणतात. पण आयसीसी हा मुलामुलांमधल्या फरकाच्या तुलनेत चूक किती एवढंच सांगतो. एक उदाहरण देते, आकडे समजण्यासाठी घेतलेत. तिसरी ते सहावीची सगळी मुलं एकत्र घेतली तर ताकदीचं प्रमाणित विचलन, म्हणजे मुलांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, समजा २० न्यूटन-मीटर, आणि मोजण्याची चूक, म्हणजे एसईएम, ६.३. आयसीसी येतो ०.९०, उत्तम! आता तीच पद्धत, तोच हात, तीच चूक, पण फक्त चौथीचा एक वर्ग घेतला जिथे मुलं एकमेकांसारखी आहेत आणि विचलन १० आहे. आयसीसी येतो ०.६०, म्हणजे जेमतेम मध्यम. पद्धत जराही बिघडलेली नाही, फक्त मुलं एकसारखी झाली. त्यामुळे वयाचा मोठा पट्टा घेऊन ०.९५ आला म्हणून आनंद करणारे लेख वाचताना आता मी आधी वयोगट बघते.

ओपीडीत उपयोगी पडतो तो एसईएम आणि त्यावरून निघणारा किमान खरा बदल. एसईएमला २.७७ ने गुणायचं. वरच्या उदाहरणात ६.३ गुणिले २.७७ म्हणजे साडेसतरा न्यूटन-मीटर. म्हणजे एखाद्या मुलाचा आकडा ५० वरून ६० झाला तर वीस टक्के सुधारणा म्हणून रिपोर्टमध्ये लिहायचा मोह होतो, पण तो बदल मोजण्याच्या चुकीत सहज बसतो. हे पालकांना सांगणं जड जातं, तरी सांगायला हवं, कारण ते त्या आकड्यावर पुढचे सहा महिने प्रवास करणार असतात, कामाचे खाडे करणार असतात.

आमच्याकडे खुब्याचे आणि गुडघ्याचे आकडे दोन आठवड्यांत छान जुळले, दोन तपासणाऱ्यांमध्येही बऱ्यापैकी. घोट्याचे नाही जुळले. तिथे पॅड टेकवायला जागा लहान, अंतर लहान, आणि पंजा वर उचल म्हटलं की निम्मी मुलं फक्त अंगठा वर करतात. पोटरीचं तर उलटं, ती इतकी ताकदवान की हाताने अडवणं अशक्य, म्हणूनच कॅनडातल्या आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ४ ते १६-१७ वयाच्या मुलांचे जे संदर्भ आकडे काढलेत ते वाचताना मी घोट्याच्या तक्त्याशी नेहमी जास्त थांबते. पोटरीसाठी मी आता एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते तेच मोजते.

पण पंजा वर उचलणाऱ्या स्नायूला पर्याय नाही, आणि नेमका तोच लागतो. रक्ताच्या कर्करोगासाठी व्हिन्क्रिस्टिन हे औषध चालू असलेल्या मुलांच्या नसांवर परिणाम होतो आणि पंजा पडायला लागतो, तो लवकर पकडायचा तर हाच स्नायू मोजावा लागतो, जिथे आपली चूक सर्वात मोठी आहे. यावर आम्ही सध्या असं करतो की मांडीखाली उशी आणि टाच प्लिंथच्या (तपासणीच्या टेबलच्या) कडेबाहेर, अंगठ्याखाली एक पेन्सिल धरायला लावतो म्हणजे तो एकटा वर जात नाही, पॅड पंजाच्या लांब हाडांच्या बोटांकडच्या टोकांवर, बोटांवर नाही. आणि सुरुवातीचा आकडा एका दिवसाचा कधीच धरत नाही. दोन वेगळ्या दिवशी घेतो आणि सरासरी लावतो, त्याने चूक साधारण तीस टक्क्यांनी खाली येते. आईवडिलांना दुसऱ्यांदा बोलवावं लागतं, ते विचारतात कशाला, मी वही उघडून त्यांच्याच मुलाचे दोन दिवसांचे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवते, आणि पुढची तारीख ठरवून घेते.